अक्षराआधी ध्वनी : वाचन-लेखनाच्या पहिल्या पायऱ्या

(वसई तालुक्यातील प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी निवडलेला विषय वरवर पाहता लहान वाटेल. पहिलीतल्या मुलाला वाचायला आणि लिहायला कसे शिकवावे, एवढाच तो विषय आहे. परंतु पुढील सर्व शिक्षणाचा भार याच एका पायावर उभा असतो. तिसरीच्या अखेरीपर्यंत ज्याला वाचता आले नाही, त्याच्यापुढे चौथीत भूगोलाचे पुस्तक उघडले किंवा गणितातील शाब्दिक उदाहरण घातले, तरी ते त्याच्या दृष्टीने मुकेच राहते. हजेरीपटावर त्याचे नाव असते, तो रोज बाकावर बसतो, पण वर्गात चाललेल्या शिक्षणाशी त्याचा संबंध तुटलेला असतो. असे मूल पुढे शाळा सोडते तेव्हा आपण गरिबीला, पालकांच्या अनास्थेला किंवा मुलाच्या बुद्धीला दोष देतो. पहिलीच्या वर्गात आपण त्याला अक्षर कोणत्या वाटेने दाखविले, हा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो.

तो प्रश्न आज आपण विचारू. माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : अक्षर हे ध्वनीचे चिन्ह आहे. म्हणून मुलाच्या कानाला आधी ध्वनी ओळखू आला पाहिजे आणि त्यानंतर त्या ध्वनीचे चिन्ह त्याच्या डोळ्यांपुढे आले पाहिजे. हे सारे त्याच्या स्वतःच्या बोलीतून, त्याला अर्थ कळणाऱ्या शब्दांच्या आधाराने घडले, तरच वाचन त्याच्या अंगी मुरते.

मूल काय घेऊन येते?

सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा ते निरक्षर असते, पण भाषेच्या बाबतीत ते चांगलेच सधन असते. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या मुलाला होडी, जाळे, वारा आणि भरती-ओहोटी यांविषयी जे बोलता येते, ते आपल्यापैकी अनेकांना येणार नाही. पश्चिम पट्टीतील वाडीवरचे मूल केळीचा घड, पानवेल आणि फुलांची खुडणी यांविषयी न अडखळता सांगते. पूर्वेकडील डोंगरपट्टीतल्या पाड्यावरच्या मुलाला झाडापानांची आणि पाखरांची नावे ठाऊक असतात. ही मुले व्याकरण शिकलेली नसतात, तरीही क्रियापदाचे लिंग-वचन चुकवीत नाहीत.

भाषा अशी मुलाजवळ आधीच आहे. त्याच्याजवळ नसते ती फक्त लिपी. शिक्षकाचे पहिले काम म्हणजे मुलाला ठाऊक असलेला ध्वनी आणि ठाऊक नसलेले चिन्ह यांची गाठ घालून देणे. हे काम नेमके ओळखले म्हणजे पद्धतीचा अर्धा प्रश्न सुटतो.

आपली लिपी कशी आहे?

इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि उच्चार दुसरा असतो. ‘एच’ किंवा ‘डब्ल्यू’ या नावांतून त्या अक्षरांचा ध्वनी कळत नाही. सव्वीस अक्षरांवर चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनींचे ओझे असल्यामुळे एकच अक्षर निरनिराळ्या शब्दांत निरनिराळे बोलते. देवनागरीत मात्र अक्षराचे नाव हाच बहुतांशी त्याचा उच्चार आहे. आपल्या पूर्वजांनी वर्णमाला रचतानाच ध्वनींचे शास्त्र डोळ्यांपुढे ठेवले होते. कंठापासून निघणारा ‘क’ वर्ग, मग तालव्य ‘च’ वर्ग, मूर्धन्य ‘ट’ वर्ग, दंत्य ‘त’ वर्ग आणि शेवटी ओठांचा ‘प’ वर्ग, अशी ही पंचवीस व्यंजने तोंडाच्या आतून बाहेर येत जातात. जगातील फार थोड्या लिप्यांना अशी शास्त्रशुद्ध मांडणी लाभली आहे.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्ञात्याने केलेले वर्गीकरण आणि शिकणाऱ्याने चढावयाच्या पायऱ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ वनस्पतींची कुळे लावतो, म्हणून माळ्याने बाग त्याच क्रमाने लावावी असे होत नाही. वर्णमालेच्या क्रमाने शिकवावयाचे म्हटले, तर ‘क’ नंतर लगेच ‘ख’, ‘घ’ येतात आणि पाठोपाठ ‘ङ’ येतो. त्यांतून मुलाच्या तोंडचे शब्द फार थोडे होतात. शिवाय एकमेकांजवळचे ध्वनी एकदम पुढे आल्याने कान गोंधळतो, तो निराळाच.

दुसरी गोष्ट म्हणजे, देवनागरीतील ‘क’ हा केवळ व्यंजनध्वनी नाही. त्यात ‘अ’ मिसळलेला आहे. त्याला काना लागला की ‘अ’ जाऊन ‘आ’ येतो. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणीकृत केलेल्या वर्णमालेत बावन्न वर्ण असून त्यांपैकी चौतीस व्यंजने आहेत. प्रत्येकाची बाराखडी धरली तर अक्षरांची संख्या चारशेच्या वर जाते, आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. ही चारशे अक्षरे एकेक करून पाठ करावयाची म्हटली, तर मूल थकून जाईल. मात्र व्यंजन आणि स्वरचिन्ह यांची जोड कशी होते हे एकदा मर्म कळले, तर चारशेंपैकी बहुतेक अक्षरे ते आपल्या आपण वाचू लागते. मर्म देणे हे शिक्षण होय. चारशेंची यादी देणे हा केवळ भार होय.

पाठांतर आणि वाचन

आपल्या वर्गांतून रूढ असलेली रीत अशी आहे. प्रथम सर्व मुळाक्षरे तक्त्यावरून म्हणून घ्यावयाची, ती घोटून घ्यावयाची, मग बाराखडी, आणि त्यानंतर शब्द. यात कित्येक महिने निघून जातात आणि तोवर मुलाने एकही अर्थपूर्ण वाक्य वाचलेले नसते. तक्त्यावर कमळाचे चित्र असते म्हणून मूल ‘क’ म्हणते. चित्र झाकले की ते गप्प होते. बाराखडी ते सुरात म्हणते, पण मधलेच ‘कु’ दाखविले तर मनातल्या मनात ‘क’ पासून चाल धरून तेथवर येते. याला वाचन म्हणता येत नाही.

अक्षरपद्धतीतील हा दोष पाहून शब्दपद्धती आणि वाक्यपद्धती पुढे आल्या. संपूर्ण शब्द चित्रासारखा डोळ्यांत भरावा, वाक्य अर्थासह ओळखावे, असा त्यांचा आग्रह होता. अर्थाला त्यांनी मान दिला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु शब्दाचे तुकडे करून ध्वनी हाती लागू दिला नाही, तर मूल पाहिलेलाच शब्द ओळखते. न पाहिलेल्या शब्दापुढे ते थबकते. ध्वनिपद्धती या दोहोंमधील उणीव भरून काढते. शब्द कानाने ऐकणे, त्याचे ध्वनी सुटे करणे, प्रत्येक ध्वनीला चिन्ह जोडणे आणि चिन्हे पुन्हा जोडून शब्द उच्चारणे, हा तिचा क्रम आहे.

कोसबाडच्या टेकडीवरचा धडा

ही वाट आपल्या भागाला नवी नाही. इटलीतील वैद्य मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवीत त्याचा ध्वनी उच्चारावयाचा, मग सुटी अक्षरे जुळवून आपल्या मनातला शब्द तयार करावयाचा, आणि या ओघात वाचनाच्या आधीच लेखन उमलू द्यावयाचे, असा त्यांचा क्रम होता. इटालियन भाषेचे लेखन उच्चाराशी बरेच इमानी असल्यामुळे तेथे तो यशस्वी झाला. देवनागरीला तो मानवण्याचे कारणही हेच आहे.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही दृष्टी भारतीय मातीत रुजविली. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे त्यांनी बालशिक्षणाचा प्रसार केला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने पाड्यावर न्यावयाची कोठून? म्हणून बिया, पाने, काड्या, शंखशिंपले हीच तेथील साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरली. आज देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या नावामागे हा इतिहास आहे.

कोसबाड त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्यापासून ते आणि आपला वसई तालुका एकाच नव्या जिल्ह्यात आहेत. तेथून घ्यावयाचा धडा असा की, अक्षरापूर्वी इंद्रियांची तयारी व्हावी लागते. कान सूक्ष्म फरक टिपू लागला आणि बोटांना वळण आले, म्हणजे अक्षराचे ओझे वाटत नाही. आपल्याकडच्या जुन्या शाळांतील धूळपाटी आठवा. धुळीत बोटाने अक्षर गिरवण्यात हात, डोळा आणि तोंड एकाच वेळी काम करीत असत. वसईच्या किनाऱ्यावर वाळूला तोटा नाही. पसाभर वाळू आणि एक ताट यांपलीकडे या साधनाला खर्च नाही.

फलटण आणि वाडा

मराठी वाचनशिक्षणाला शास्त्रशुद्ध बैठक देणाऱ्यांत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांचे नाव आदराने घ्यावे लागते. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या बोलीवर संशोधन केले, १९७८ साली भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि फलटणमध्येच प्रगत शिक्षण संस्थेद्वारे कार्य उभे केले. शाळेत असूनही वाचता न येणाऱ्या मुलांना शिकविताना त्यांनी जी रीत बसविली, तिचे सूत्र सोपे आहे. सगळी मुळाक्षरे संपण्याची वाट पाहू नये. थोडी अक्षरे आणि एखाददुसरे स्वरचिन्ह यांचा एक गट घ्यावा, त्यांतून होणारे शब्द आणि वाक्ये लगेच वाचावीत, आणि मगच पुढील गटाकडे वळावे.

आपल्या शेजारच्या वाडा तालुक्यातही या प्रश्नाचा सखोल अभ्यास झालेला आहे. मराठीसाठी वाडा आणि कन्नडसाठी कर्नाटकातील यादगीर, अशा दोन ठिकाणी पहिली ते तिसरीतील मुलांच्या वाचन-लेखनाचा मागोवा संशोधकांनी तीन वर्षे घेतला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने आपले डोळे उघडावेत. मुळाक्षरे मुलांना त्या मानाने येत होती. स्वरचिन्ह लागलेली अक्षरे आणि जोडाक्षरे येथे त्यांची गाडी अडत होती. तिसरीच्या अखेरीसही पुष्कळ मुलांना साधा उतारा समजून वाचता येत नव्हता. वर्गात उतरवून काढणे आणि एका सुरात म्हणणे यांवर भर होता. गोष्ट, गप्पा आणि स्वतःच्या मनातले लिहिणे यांना फारसा वाव नव्हता. वाड्याच्या जागी वसई हे नाव घातले तर चित्र फार वेगळे दिसेल काय, याचा प्रत्येकाने आपापल्या वर्गापुरता विचार करावा.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

वसईत तर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. या एका तालुक्यात सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी, कोळी, आगरी आणि वारली अशा बोली नांदतात. नालासोपारा, विरारच्या वाढत्या वस्त्यांत हिंदी, गुजराती आणि भोजपुरी बोलणारी मुलेही मराठी शाळेत येतात. ध्वनीपासून सुरुवात करावयाची, तर कोणाच्या ध्वनीपासून, हा प्रश्न शिक्षकाला टाळता येत नाही.

उत्तर कोकणातील कोळी-आगरी बोलींत ‘ण’ चा ‘न’ होतो, ‘ळ’ चा ‘ल’ होतो आणि शब्दाच्या मध्ये येणाऱ्या ‘ड’ चा ‘र’ होतो. पाणी हे पानी, डोळा हा डोला आणि घोडा हा घोरा होतो. हे उच्चार नियमबद्ध आहेत. त्यांत आळस किंवा अडाणीपणा नाही. आता पुस्तकात ‘पाणी’ छापलेले आहे आणि मूल ‘पानी’ असे वाचते. त्याने अक्षरे ओळखली, ती जोडली आणि अर्थही बरोबर लावला. वाचनाचे काम त्याने पूर्ण केले आहे. अशा वेळी “चुकलास” म्हणून त्याला थांबविले, तर मूल एवढेच शिकते की आपली आई बोलते ते चूक आहे. पुढच्या वेळी ते तोंडच उघडत नाही.

याचा अर्थ प्रमाण भाषा शिकवू नये असा नाही. ती शिकविलीच पाहिजे, कारण पुढील शिक्षणाची आणि व्यवहाराची ती किल्ली आहे. परंतु तिचा क्रम मागाहून यावा. वाचन स्थिर झाल्यावर ‘न’ आणि ‘ण’ यांच्या जोड्या खेळाच्या रूपाने कानावर घालाव्यात. ‘मन’ आणि ‘मण’, ‘कल’ आणि ‘कळ’ यांत अर्थ कसा पालटतो ते दाखवावे. “घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात,” या एका वाक्याने दोन्ही रूपांचा मान राहतो. मुलाच्या बोलीतील चार शब्द शिक्षकाने स्वतः शिकून घेतले, तर त्याहून चांगले.

वर्गात प्रत्यक्ष काय करावे?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काही आठवडे पाटीवर अक्षर आणण्याची घाई नको. कानाचे खेळ घ्यावेत. ‘केळी’ म्हणताना दोन टाळ्या, ‘कोलंबी’ म्हणताना तीन टाळ्या वाजवाव्यात. मासा, मीठ, मोगरा आणि होडी यांत वेगळ्या घरचा शब्द कोणता, हे विचारावे. ‘कान’ मधला पहिला ध्वनी काढून ‘म’ घातला तर काय होते? ‘मान’ होते. हा खेळ अंगणवाडीतही घेता येतो. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली तीन ते आठ वर्षांचा काळ हा पायाभूत टप्पा मानला, त्यामुळे अंगणवाडी सेविकेचा या कामातील वाटा आता निःसंशय मोठा झाला आहे.

त्यानंतर पहिला गट घ्यावा. उदाहरणादाखल क, म, न, ल, र ही पाच व्यंजने, ‘आ’ हा स्वर आणि त्याचे चिन्ह काना, एवढेच घेऊ. यांतून नाक, कान, मान, काम, रान, मला, लाल, काका, मामा असे कितीतरी शब्द होतात. इतकेच काय, “काल मामा आला” आणि “काका, काम कर” ही पूर्ण वाक्ये होतात. थोड्याच दिवसांत मुलाने अर्थ असलेले वाक्य स्वतः वाचले, यासारखी बक्षिसी नाही.

दुसऱ्या गटात स, व, प, ळ आणि ‘ई’ व तिची वेलांटी घेतली, की “सकाळी काकी वसईला आली” हे वाक्य मूल वाचते. आपल्या गावाचे नाव आपल्याला वाचता येते, हे ज्या दिवशी त्याला कळते, त्या दिवसापासून पाट्या, बसवरची नावे आणि दुकानांचे फलक त्याचे पुस्तक बनतात. गट कसे पाडावेत हे शिक्षकाने आपल्या मुलांच्या शब्दांकडे पाहून ठरवावे. दोन पथ्ये मात्र पाळावीत : दिसायला सारखी अक्षरे, जसे ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’, एकाच गटात नसावीत, आणि ऐकायला जवळची, जसे ‘त’ आणि ‘थ’, हीदेखील एकदम आणू नयेत.

स्वरचिन्हांचा क्रमही विचारपूर्वक लावावा. काना आणि दीर्घ वेलांटी व्यंजनानंतर लिहिली जातात आणि नंतरच उच्चारली जातात. ऱ्हस्व वेलांटी मात्र व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि उच्चार नंतर होतो. ‘किती’ हा शब्द वाचताना मूल गोंधळते ते याच कारणाने. म्हणून दीर्घ वेलांटी आधी आणि ऱ्हस्व मागाहून घ्यावी. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर अक्षरे आणि स्वरचिन्हे वेगवेगळी लिहून ती मुलांच्या हाती द्यावीत. चिन्ह उचलून जोडले की ध्वनी पालटतो, हे डोळ्यांना दिसले पाहिजे आणि हाताला कळले पाहिजे.

वाचन आणि लेखन यांची फारकत करू नये. जी अक्षरे वाचली त्यांतून मुलाने आपल्या मनातला शब्द लिहावा. सुरुवातीला ‘मसळी’ लिहिले, काना राहिला, तरी लाल रेघ मारण्यापूर्वी त्याने कोणते ध्वनी बरोबर टिपले आहेत ते पाहावे. चूक ही मुलाच्या विचाराची खिडकी असते. तिच्यातून आत पाहिले तर पुढचा पाठ कोणता हे शिक्षकाला कळते.

नियम आणि अपवाद

मराठी लेखन उच्चाराप्रमाणे होते, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते पुष्कळ अंशी खरे असले तरी पूर्ण खरे नाही, आणि शिक्षकाला त्यातील खाचाखोचा ठाऊक असाव्यात. ‘मासळी’ म्हणताना कानाला ‘मास्-ळी’ असे दोनच ठोके ऐकू येतात, लिहिताना अक्षरे तीन लागतात. ‘कमळ’ मधील शेवटच्या ‘ळ’ चा ‘अ’ आपण उच्चारत नाही. ‘चूल’ मधला ‘च’ आणि ‘चिमणी’ मधला ‘च’ वेगळे आहेत; ‘माझा’ आणि ‘माझी’ या जोडीतही ‘झ’ चा उच्चार बदलतो, अक्षर मात्र एकच राहते. ‘श’ आणि ‘ष’ यांचा भेद बोलण्यात फारसा उरलेला नाही. या गोष्टी पहिल्या दिवशी सांगण्याच्या नव्हेत. मूल अडले की तेथेच, त्या शब्दापुरत्या, त्या समजावून द्याव्यात. ज्याची भाषा मराठी आहे ते मूल अर्थाच्या आधाराने उच्चार आपोआप दुरुस्त करते. ज्याची नाही त्याला तेथे हात द्यावा लागतो.

याच ठिकाणी ध्वनिपद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. केवळ चिन्हाचा ध्वनी करता येणे म्हणजे वाचन नव्हे. इंग्लंडमध्ये २००६ सालच्या रोझ अहवालानंतर शाळांतून ध्वनिपद्धती पद्धतशीरपणे अवलंबिली गेली आणि २०१२ पासून पहिल्या इयत्तेत तिची चाचणीही होते. तेथेही जाणकारांचा इशारा हाच आहे की, ध्वनीच्या जोडीला शब्दसंपत्ती आणि आकलन वाढले नाही, तर मूल पोपटासारखे खडाखड वाचते आणि काय वाचले ते सांगू शकत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून शिक्षकाने रोज थोडा वेळ मुलांना गोष्ट वाचून दाखवावी. मुलाने सांगितलेले एक वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे. अक्षरांचा गट लहान असला, तरी कानावर पडणारी भाषा लहान नसावी.

वीटभट्टीवरचे मूल

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ ज्याला व्हावा असे मूल आपल्या तालुक्यातच आहे. दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. वर्षाचा मोठा भाग असा निघून गेल्यावर मूल वर्गात येते तेव्हा तक्ता पुढे गेलेला असतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपल्याच तालुक्यातील उसगावच्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून या मुलांकडे समाजाचे लक्ष वेधले. भट्टीवरच्या मजुराचे तात्पुरते खोपटे म्हणजे भोंगा. त्याच्याच नावाची ही शाळा होती.

अक्षरांचे लहान गट असले, की परतलेल्या मुलाला नेमके कोठे जोडून घ्यावयाचे हे कळते. त्याला पहिला गट येतो, दुसऱ्यात अडते, म्हणजे त्याचा पाठ तेथून सुरू होतो. एका वर्गात तीन पातळ्यांची मुले असली तरी पुठ्ठ्यांचे तीन संच करून त्यांना काम देता येते. बावन्न वर्णांच्या एकाच तक्त्याने ही सोय होत नाही. जाताना त्या मुलाच्या हाती त्याच्या गटाचा संच आणि चार ओळींची गोष्ट दिली, तर भट्टीवरही अक्षर त्याच्या सोबत राहील.

इंग्रजीचे काय?

पालकांच्या मनात हा प्रश्न असणारच. वसई-विरारमध्ये इंग्रजी ध्वनी शिकविणारे वर्ग जागोजागी निघाले आहेत आणि आपले मूल मागे राहू नये म्हणून पालक त्यांची फी भरतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविली जाते, तेव्हा तिच्याकडे पाठ फिरविण्याचा प्रश्न नाही. परंतु शब्दातील ध्वनी सुटे करून ऐकण्याची शक्ती एका भाषेत आली, की दुसऱ्या भाषेत तिचा उपयोग होतो. ज्या लिपीत ध्वनी आणि चिन्ह यांचे नाते सरळ आहे, तेथे ही शक्ती कमी श्रमात येते. मराठी वाचनाचा पाया पक्का असणे हे इंग्रजीच्या आड येत नाही. त्याने तिची वाट सोपी होते. मुलाची भाषा घरी भरपूर बोला, त्याला गोष्टी सांगा, त्याने वाचलेले ऐकून घ्या. पालकाला स्वतःला वाचता येत नसले तरी ऐकून घेता येते, आणि ऐकणारे कोणी असले की मूल वाचते.

समारोप

२०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. अशा उद्दिष्टांची पूर्ती शेवटी एका वर्गात, एका शिक्षकाच्या हातून होत असते. त्यासाठी इमारत किंवा यंत्र यांची वाट पाहण्याचे कारण नाही. पुठ्ठ्याचे तुकडे, ताटातली वाळू, रोजची एक गोष्ट आणि मुलाच्या बोलीकडे आदराने पाहण्याची दृष्टी एवढ्या भांडवलावर हे काम उद्यापासून सुरू करता येईल.

माझी विनंती एवढीच आहे. उद्या वर्गात गेल्यावर तक्ता झाकून, क्रम मोडून, प्रत्येक मुलाला दहा अक्षरे आणि पाच शब्द विचारा. कोणाला कोणता ध्वनी येतो आणि कोण कोठे अडतो, याची एका कागदावर नोंद करा. तो कागद आपल्या पुढील तीन महिन्यांच्या शिकवण्याचा आराखडा होईल. ज्या मुलांच्या नावापुढे आज कोरी जागा दिसेल, त्यांच्यापासून सुरुवात करा. कारण आपली सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे.